खवल्याचा मासा

खेडच्या बाजारपेठेतून जगबुडी नदीच्या धक्क्याकडे उतरताना डाव्या हाताला एक फणस होता. त्या फणसाखाली दर शनिवारी एक मोटार उभी असायची. बॉनेटवर धुतलेली चादर, चाकांखाली जांभ्याचे दगड, आणि आत कोणी नाही. एखादा नवखा माणूस बोचकं काखेत मारून घाईघाईने यायचा आणि मला विचारायचा, "दापोलीची गाडी कधी सुटते?"

"उद्या सकाळी सातला."

"आज का न्हाय? बिघडली काय?"

"बिघडली नाही. आज शनिवार आहे."

तो माणूस चादरीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि शेवटी दुसऱ्याच्या मोटारीकडे चालू लागायचा. मी त्या गाडीवरचा कंडक्टर. भिकाजी माझं नाव, राहणारा भरण्याचा. मुंबईला गिरणीत साच्यावर सहा वर्षं काढली, छातीत कापूस बसला म्हणून गावी परतलो, आणि १९२४ साली या मोटारीवर चढलो. मोटारीचे मालक आणि ड्रायव्हर एकच होते, एलोजी हायमजी फुरूसकर. लोक त्यांना एलूशेठ म्हणत. शेठ म्हणण्यासारखं त्यांच्यापाशी त्या मोटारीशिवाय काही नव्हतं. पण ते रागावत नसत, सुधारतही नसत.

एलोजी इस्रायल होते, म्हणजे यहुदी. आमच्याकडे त्यांच्या लोकांना पूर्वी शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. खेडात त्यांची दोनच घरं होती. एक एलोजींचं आणि एक त्यांचे चुलतभाऊ अबाजी शिंप्यांचं. बाहेरगावचे लोक त्यांना कधी मुसलमान समजत, कधी किरिस्ताव. एलोजींच्या आजोबांच्या वेळी खेडात दिवा लागायचा तो त्यांच्या घाण्याच्या तेलावर. मग घासलेटचे डबे आले, मुंबईहून गिरणीचं तेल आलं, आणि घाणा थंड पडला. वडील वारले, बैल विकला गेला. एलोजी तेव्हा पंचविशीत होते. लढाई सुरू झाली होती, ते सरकारच्या मोटार पलटणीत भरती झाले आणि थेट बसऱ्याला गेले.

तिथली एक हकीगत ते घाटात गाडी तापून थांबली की सांगायचे. मी ती पन्नासदा ऐकली असेल. बगदाद इंग्रजांनी घेतल्यावर एका संध्याकाळी ते एका बोळातून चालले होते. एका मोठ्या दारामागून पुष्कळ माणसांचा आवाज येत होता. अनोळखी भाषा, अनोळखी सूर. आणि त्या आवाजात अचानक एक ओळ त्यांना कळली. शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. हे इस्रायला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. त्यांची आई दिवेलागणीला मुलांकडून म्हणून घ्यायची ती हीच ओळ. एलोजींना वाटायचं, ही ओळ जगात फक्त कोकणात म्हणतात.

"मी दारातच उभा राहून मोठ्याने म्हणालो, भिकाजी. अंगावर खाकी, पायात बूट. आतली माणसं वळली. एका म्हाताऱ्याने हात धरून आत ओढलं आणि शेजारी बसवलं."

तो म्हातारा मुंबईशी खजुराचा व्यापार करणारा होता, त्याला हिंदुस्तानी येत होती. प्रार्थना झाल्यावर त्याने विचारलं, "इतक्या लांब राहून तुम्ही इस्रायल म्हणून काय करता?" एलोजींना लिहिता-वाचता हिब्रू येत नव्हती, देऊळ-मशिदीसारखं खेडात काही नव्हतं. ते म्हणाले, "शनिवारी घाणा बंद ठेवतो." बोलल्यावर त्यांना लाज वाटली, कारण घाणाही आता उरला नव्हता. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "तेवढं धरून ठेवा. बाकीचं त्याच्या मागून येतं." निघताना त्याने प्रार्थनेचं एक छोटं पुस्तक दिलं. एलोजींनी ते उघडून बघितलं आणि उलटं धरलं आहे की सुलटं तेही कळलं नाही, म्हणून पेटीच्या तळाशी ठेवून दिलं.

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि मग एक जुनी लॉरी घेतली. खेडच्या सुतारांनी तिच्यावर सागाच्या फळ्यांचा साज चढवला, दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे लावले. खेड, फुरूस, दापोली, हर्णै असा रस्ता ठरला. हर्णैला मुंबईची आगबोट लागायची, त्यामुळे चाकरमान्यांची ये-जा बारमाही. पावसाळा सोडून, अर्थात.

पहिल्याच आठवड्यात शनिवारचा प्रश्न आला. एलोजींच्या मनात होतं की आपण घरी बसावं आणि शनिवारपुरता दुसरा ड्रायव्हर ठेवावा. त्यांची आई, मिल्काबाई, ओट्यावर वाल सोलत बसली होती. बारीक अंगाची, नऊवारी नेसणारी, डोळ्यांनी जरा अधू म्हातारी. ती म्हणाली, "तुझ्या बापाने घाण्याचा बैल शनिवारी कधी जुंपला नाही."

"आई, तो बैल होता."

"मग तो काय इस्रायल होता? देवाने सांगितलंय, तू थांब, तुझा गडी थांबू दे, तुझा बैल थांबू दे. आता बैलाच्या जागी ही आली, तर ही थांबेल."

"मोटारीला जीव नसतो, आई."

"भिकाजीला आहे ना? त्याला नको का एक दिवस?"

त्यावर एलोजींनी दुसऱ्या ड्रायव्हरचा विचार सोडून दिला, आणि खरं सांगायचं तर मी तरी का बोलावं? साच्यावर मला रविवारशिवाय सुट्टी माहीत नव्हती, तीही झोपेत जायची. आता मला शनिवार मिळाला. माझी बायको हौसा लोकांना सांगायची की नवऱ्याला तेल्यांच्या देवाने रजा दिली आहे. त्या शनिवारांत मी घर शाकारलं, परसात केळी लावल्या, आणि पोरांना खांद्यावर घेऊन नदीवर गेलो.

एक शनिवार मात्र गाडी चालली. पलीकडच्या आळीतला खंडू नारळ पाडताना माडावरून पडला, मांडी मोडली, रक्त थांबेना. माणसं त्याला झोळीत घालून आणत होती. एलोजी उठून उभे राहिले, आणि त्यांनी काही विचारायच्या आत मिल्काबाईंनी स्वतः बॉनेटवरची चादर ओढून काढली. "बघतोस काय, हँडल मार. जीव जाताना देव वार बघत नाही." तीच चादर फाडून तिने खंडूची मांडी बांधली. दापोलीच्या दवाखान्यात तो वाचला. पुढच्या शनिवारी मोटारीवर नवी चादर होती. ती खंडूच्या आईने आणून दिलेली.

असं चाललं होतं. आता पुढची गोष्ट सांगायची तर सोनूबाईपासून सुरू करावी लागेल.

सोनूबाई हर्णैची कोळीण. तिची टोपली मोटारीच्या मागच्या बाकाखाली ठरलेली, आणि तिच्या जिभेपुढे मामलेदार कचेरीचे शिपाईसुद्धा गप्प बसायचे. हर्णैला चढायची, दापोलीच्या बाजारात उतरायची. कधी कधी चढल्यापासून उतरेपर्यंतच अर्धी टोपली प्रवाशांना विकून मोकळी व्हायची.

१९२८च्या थंडीतला तो दिवस. मोटारीत दापोलीचे नवे ओव्हरसियर बसले होते. रस्त्यांची पाहणी करायला नेमलेले, डोक्यावर टोपी, हातात छडी. नाव बेंजामिन साहेब. दापोलीत सगळे त्यांना किरिस्तावच समजत. सोनूबाईने त्यांच्यापुढे टोपलीवरचं फडकं उचललं.

"साहेब, कोळंबी बघा, अशी टपोरी."

"कोळंबी नको."

"मग मुशी घ्या. बाळंतिणीला देतात, तुम्हाला चांगली."

साहेब हसले. "मुशी नको, कुर्ल्या नको. खवल्याचा मासा आहे का? पापलेट? बोय?"

मोटार थांबली. मला वाटलं, पुढे गुरं आली. रस्ता मोकळा होता. एलोजींनी ब्रेक दाबला होता आणि ते मागे वळून साहेबांकडे बघत होते.

"साहेब, आपण कुठले?"

"पुण्याचा. का?"

"खवल्याशिवायचा मासा चालत नाही?"

"सवय नाही," साहेब जरा तुटकपणे म्हणाले. "घरी आणत नसत."

एलोजींनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हळूच ती ओळ म्हणायला सुरुवात केली. "शमा इस्राएल..." आणि थांबले. साहेबांनी छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पडद्याबाहेर बघितलं. मग बाहेर बघतच पुढचं म्हणाले, "अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." म्हणताना त्यांचा आवाज पार बदलला होता. पुढे त्यांनी मला सांगितलं की नऊ वर्षांत ती ओळ त्यांच्या तोंडून निघाली नव्हती. बदल्यांची नोकरी, कुठे आपलं माणूस नाही, लोक किरिस्ताव म्हणतात तर म्हणू दे, असं करता करता दिवस गेले होते.

सोनूबाईला हे सगळं समजायला दापोलीपर्यंतचा रस्ता लागला. मग ती म्हणाली, "एलूदादा, म्हंजे मासं खातो, पण कोळंबी, मुशी, सोडं खात न्हाय, तो तुमच्यातला?"

"बहुतेक."

"मंग मला इचारायचं होतं. असं एक घर आंजर्ल्याला हाय, मला ठाऊक. दवाखान्यातला कंपाउंडर. त्याची बायको टोपलीत हात घालून एक एक मासा उलटापालटा करती. आणि दापोलीला तो म्हातारा हवालदार हाय, पेन्शनीचा. त्याला मी दरवेळी कोळंबी दावते आणि तो दरवेळी माझ्यावर वरडतो."

तिचं गणित बरोबर होतं. ज्यांना मासे वर्ज्य ते मासे घेतच नाहीत, आणि जे घेतात त्यांच्या घरी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, नाही असं कोकणात होत नाही. मासे घ्यायचे आणि खवले नसलेलं सगळं बाजूला सारायचं, असं करणारी माणसं निराळीच. आणि कोणाच्या चुलीवर काय शिजतं हे कोळणीइतकं कोणाला माहीत असणार?

त्या संध्याकाळी एलोजींनी आईला सगळं सांगितलं. मी पेट्रोलचे डबे आत ठेवत होतो. मिल्काबाईंनी बोटं मोजली. अबाजी आणि त्याचे दोन मुलगे तीन, एलोजी चार, साहेब पाच, हवालदार सहा, कंपाउंडर सात.

"कशासाठी मोजतेस, आई?"

"दहा झाले तर किप्पूरची प्रार्थना इथे खेडात होईल."

मला त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्यात वर्षाचा सगळ्यांत मोठा दिवस किप्पूरचा. जुनी माणसं त्याला दरफाळनीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दार लावून घ्यायचं, अन्नपाणी घ्यायचं नाही, परक्याला शिवायचं नाही, आणि झालेल्या चुकांची क्षमा मागायची. मिल्काबाईंनी लहानपणापासून तो असाच पाळला होता, दार लावून, घरातल्या घरात. पण पुरी प्रार्थना व्हायला दहा पुरुष एका जागी लागतात. तशी प्रार्थना तिने आयुष्यात एकदाच ऐकली होती, मुंबईला, लग्नाआधी.

"बायकांना मोजत नाहीत," ती मला म्हणाली. "जेवायला वाढायला मात्र आम्हीच."

सोनूबाईला हे कळल्यावर ती म्हणाली, "पुरुष मोजा तुम्ही. शोधते मी."

आणि तिने खरंच शोधले. बाणकोटच्या बकुळेला निरोप, मंडणगडच्या बाजारातल्या कोळणींना निरोप, दाभोळच्या काशीला निरोप. सगळ्यांना एकच प्रश्न, मासे खाऊन सोडे न खाणारा कोण? पावसाळ्यापूर्वीच उत्तरं आली. मंडणगडकडे जंगलखात्यात दोन भाऊ होते. बाणकोटच्या जकात नाक्यावर एक कारकून होता. एलोजी शनिवार सोडून बाकीचे सहा दिवस रस्त्यावरच असत. त्यांनी वाट वाकडी करून एकेकाला गाठलं. कोणी लगेच हो म्हणालं, कोणी घाबरलं, जंगलखात्यातल्या धाकट्याने तर आधी कबूलच केलं नाही. पण दहा झाले.

आता प्रार्थना म्हणायची कोणी? बेंजामिन साहेबांना लहानपणी पुण्याला हिब्रू शिकवली होती. एलोजींनी पेटीच्या तळातून ते बगदादचं पुस्तक काढलं. साहेबांनी ते हातात घेतलं, सुलटं केलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचू लागले. नंतर ते पाहणीसाठी मोटारीतूनच फिरू लागले, पुढे एलोजींच्या शेजारी बसून. चढावर गाडी हळू चालायची तेव्हा ते एलोजींना अक्षरं शिकवायचे. आलेफ, बेत, गीमेल. मागचे प्रवासी ऐकायचे. फुरूसच्या चढावर एकदा मागून एका बाईने विचारलं, "ते दालेतनंतर काय, मघाशी सांगितलंत ते?" आणि साहेबांनी वळून तिला सांगितलं, "हे." मलाही ती सगळी बावीस अक्षरं अजून पाठ आहेत. त्यांचा मला काही उपयोग नाही, पण आठवली की बरं वाटतं.

१९२९चा किप्पूर ऑक्टोबरात आला, दसऱ्याच्या लगेच मागे. मोटारीला मी बांधलेलं झेंडूचं तोरण अजून तसंच होतं. सण सोमवारी, पण त्यांचा दिवस आदल्या संध्याकाळी सूर्य मावळतानाच सुरू होतो. म्हणजे रविवारी दिवस मावळायच्या आत दहाही जणांनी खेडात असायला हवं. ठरलं असं की आम्ही नेहमीसारखं सकाळी हर्णैला जायचं आणि परतताना सगळ्यांना घ्यायचं. मंडणगडचे भाऊ शुक्रवारपासूनच दापोलीला हवालदारांकडे येऊन राहिले होते.

हर्णैला कंपाउंडर पत्नीसह वाट बघत उभे होते. पण बाणकोटचा कारकून नव्हता. त्याचा निरोप बकुळेने पाठवला होता, नाक्यावर वरचे साहेब तपासणीला आले आहेत, रजा मिळाली नाही. एलोजींनी मोटारीच्या पायरीवर बसकण मारली. नऊ. एका माणसासाठी सगळं राहणार होतं, आणि घरी आई नवीन लुगडं काढून बसली होती.

सोनूबाई टोपली बाकाखाली सरकवत होती. म्हणाली, "दाभोळला एक हाय."

"कोण? तू बोलली नाहीस."

"काशीने सांगितलेला. पण मला तो पक्का वाटला न्हाय. बनाजी नाव. शिडं शिवतो. एकटाच राहतो, भंडाऱ्यांच्या घरात वाढला. पण मुशी खात न्हाय, सोडं खात न्हाय. का खात न्हाय ते त्यालाच ठाऊक न्हाय."

दाभोळ म्हणजे दापोलीहून खाली कच्च्या रस्त्याने खेडइतकंच अंतर, आणि मोटारीत तिकीट काढलेली अकरा माणसं, खेडच्या बाजूला जाणारी. एलोजी उठले आणि प्रवाशांसमोर उभे राहिले. भाषण त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, "मंडळी, मला दाभोळला जायचंय. माझ्या आईसाठी. तुम्हाला उशीर होईल. ज्यांना घाई असेल त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून देतो, तिकीट माझं."

धोंडू म्हणून फुरूसचा एक शेतकरी होता, तो म्हणाला, "दाभोळ मी बघितलं न्हाय. चला." एका म्हातारीने तिथल्या चंडिकेचं दर्शन होईल म्हणून हात जोडले. दोघे उतरले, नऊ राहिले.

दापोलीला हवालदार, दोघे भाऊ आणि साहेब चढले. सोनूबाई मात्र त्या दिवशी उतरली नाही. खाडीच्या बाजूने धुळीत न्हात आम्ही दाभोळला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. काशी बंदरावरच होती, तिने बोट दाखवलं. एका झापाच्या मांडवाखाली एक तिशीतला माणूस मांडी घालून बसला होता, मांडीवर गलबताचं भलंमोठं शीड, हातात दाभण. मोटारीतून उतरून दहा-पंधरा माणसं आपल्याकडे येताहेत हे बघून तो उठून उभाच राहिला.

एलोजींनी त्याला आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "बनाजी, तुझी आई कोण होती?"

"लहानपणीच गेली. तापात. बाप त्याआधी, गलबतावर."

"आईचं काही आठवतं?"

बनाजीने दाभणातला दोरा ओढून घेतला. "शुक्रवारी ती दिवा लावायची आणि दोन्ही हातांनी डोळे झाकायची. मी पण झाकायचो. आणि सांगायची, ज्याला खवले नाहीत ते आपण खायचं नाही. मग ज्यांनी मला वाढवलं त्यांनीही कधी आग्रह केला नाही. म्हणाले, आईचं आहे, पाळ."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. एलोजी म्हणाले, "आम्हाला एक माणूस कमी आहे. तू ये."

"मला काही येत नाही. प्रार्थना नाही, काही नाही."

"मलाही बगदादला एकच ओळ येत होती. बसायला जागा मिळाली."

बनाजीने शिडाकडे बघितलं. ते दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. ज्या भंडाऱ्यांच्या घरी तो वाढला तिथला दाजी, त्याचा मानलेला भाऊ, शेजारीच उभा होता. त्याने बनाजीच्या हातातून दाभण काढून घेतला आणि शिडासमोर बसला. "जा तू. वाकडी टीप पडली तर गलबतवाल्याला वल्हं मार म्हणावं."

परतीच्या वाटेवर मोटारीत इतका गोंगाट होता की मला भोंगा ऐकू येईना. उपासाच्या आधी खायचं म्हणून कंपाउंडरच्या बायकोने पुऱ्या आणल्या होत्या, त्या सगळ्यांनाच वाटल्या. साहेब बनाजीला ती ओळ शिकवत होते. तो म्हणायचा आणि चुकायचा, मग धोंडू बरोबर म्हणून दाखवायचा, कारण तो वर्षभर फुरूसच्या चढावर ऐकत होता. म्हातारीला चंडिकेचं दर्शन झालं होतं, ती तृप्त होऊन झोपली. एलोजी फक्त सूर्याकडे आणि रस्त्याकडे बघत होते. फुरूस गेलं तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं, आणि खेडच्या फणसाखाली मी मोटारीला दगड लावले तेव्हा अजून दिवस होता. थोडाच, पण होता.

मिल्काबाई ओट्यावर उभी होती. अधू डोळ्यांनी तिला माणसं नीट दिसत नव्हती, म्हणून एकेकजण समोर आला की ती त्याच्या गालाला हात लावून मोजत होती. बनाजीपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

"हा कोण?"

"दहावा," एलोजी म्हणाले.

तिने त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, बोटं स्वतःच्या ओठांना लावली, आणि म्हणाली, "केवढा घाम आलाय याला. पाणी द्या आधी, अजून दिवस आहे."

मग ते आत गेले आणि दार लागलं. मी आणि सोनूबाई बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. तिला त्या दिवशी हर्णैला परत जायला गाडी नव्हती, ती आमच्याकडे हौसाजवळ राहणार होती. पण उठवेना तिलाही. आतून साहेबांचा आवाज आला, मग दहाजणांचा एकत्र. सूर सगळ्यांचे निरनिराळे होते. हवालदार पुढे पळत होते, अबाजी मागे राहात होते, आणि एलोजींचा आवाज घाटात हाका मारून कमावलेला, तो सगळ्यांच्या वर. त्या आवाजांच्या मागे एक बारीक आवाज होता, तो मिल्काबाईचा. बायकांना मोजत नसले तरी म्हणायला कोणी अडवत नव्हतं.

सोनूबाई म्हणाली, "यातलं तुला काय समजतं, भिकाजी?"

"अक्षरं समजतात. अर्थ नाही."

"मला यातली पाच माणसं समजतात," ती म्हणाली. "ती मी आणली."

सोमवारी दिवसभर दार बंद होतं. मंगळवारी सकाळी उघडलं. घरातून नारळाच्या दुधातल्या खिरीचा वास सगळ्या आळीत सुटला, आणि मिल्काबाईंनी आम्हा सगळ्यांना पंगतीला बसवलं, दाभोळ बघून आलेल्या धोंडूलाही निरोप धाडून बोलावलं. सोनूबाईला पहिलं पान मांडलं होतं. जंगलखात्यातला धाकटा भाऊ, जो आधी कबूल करत नव्हता, तो सगळ्यांत जास्त जेवला आणि पुढच्या वर्षीच्या सणाची तारीख साहेबांना विचारून घेऊन गेला.

त्यानंतर दरवर्षी खेडात दहा जण जमले. बाणकोटच्या कारकुनाने पुढच्या खेपेला रजेचा अर्ज चार महिने आधी टाकला. कोळणींचा शोध थांबला नव्हता, त्यामुळे १९३३ साली चौदा झाले, बायकापोरं धरून तीसच्या वर. मग अबाजींच्या दुकानामागची खोली कायमची प्रार्थनेला दिली. साहेबांची बदली धुळ्याला झाली, पण तोवर एलोजी अस्खलित वाचायला शिकले होते आणि दर रविवारी संध्याकाळी मुलांना अक्षरं शिकवत होते. एकदा मुंबईहून त्यांच्या समाजातले एक शिकलेले गृहस्थ आले होते. त्यांना वाटलं, इतक्या थोड्या लोकांनी इथे कशाला राहावं, मुंबईला यावं, तिथे सगळं आहे. एलोजी म्हणाले, "तिथे सगळं आहे, म्हणून तिथे माझी गरज नाही. इथे मी उठून गेलो तर एक कमी होतो." तेवढंच बोलले आणि त्यांना खीर वाढली.

मिल्काबाई १९३४ साली गेल्या, झोपेतच, कोणाला त्रास न देता. त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायला त्या दिवशी संध्याकाळच्या आत अकरा माणसं खेडात आली. त्यांतल्या तिघांना कळवायलाही वेळ मिळाला नव्हता, कोळणींनीच कळवलं.

बनाजी दाभोळलाच राहिला. शिडं कमी झाली तशी त्याने मोटारीच्या ताडपत्र्या शिवायला घेतल्या. १९३६च्या मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं, अलिबागकडच्या एका मुलीशी, नाव सिम्हा. त्याला तिच्या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता, एलोजींनी सांगितला, आनंद. लग्न खेडात झालं. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या पैगंबराच्या नावाने मलिदा केला, पोहे, खोबरं, साखर, वर पाच फळं. वरमाई म्हणून दाभोळची भंडारीण पुढे बसली, कारण बनाजीला दुसरी आई नव्हती. हळदीला सोनूबाई आणि काशी दोघी होत्या, आणि त्यांनी कोळ्यांची गाणी अशी म्हटली की अलिबागचे पाहुणे जेवायचं विसरले.

वरात दाभोळला न्यायची होती. नवरी मोटारीत पुढच्या बाकावर बसली, एलोजींच्या शेजारी. कधी मोटारीत बसलेली नव्हती. पहिल्या उतारावर तिने घाबरून एलोजींचा दंड धरला, दुसऱ्या उतारावर सोडला, आणि तिसऱ्या उतारावर पडदा बाजूला करून तोंडावर वारा घेत मोठ्याने हसू लागली. मागे बनाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "भिकादादा, ही अशीच हसणार काय रोज?"

"हसेल बहुतेक," मी म्हणालो, आणि त्याला नेहमीसारखं तिकीट फाडून दिलं.